फिरत्या घराच्या पाठीवर मोटारसायकल

प्रवासाची हौस आणि घराची ओढ या दोन परस्परविरोधी वृत्ती माणसाच्या ठायी एकत्र नांदत असतात. त्यांचा मेळ घालणारे वाहन म्हणून युरोपात ‘कॅम्पर व्हॅन’ लोकप्रिय झाली. जर्मनीतील फोक्सवॅगन कारखान्यातून १९५० साली एक डबेवजा मोटारगाडी बाहेर पडू लागली. तिच्यात बिछाना, कपाटे आदी सोयी बसवून देण्यास वेस्टफालिया या कंपनीने १९५१ साली प्रारंभ केला. तेव्हापासून लहानशा गाडीत संसार थाटून सुट्टी घालविणारी कुटुंबे तिकडच्या रस्त्यांवर सर्रास दिसू लागली.

या संसारात एक अडचण मात्र हटकून येते. मुक्कामाला पोहोचून बिछाना पसरला, चूल पेटली, की ते वाहन राहत नाही, घर होते. मग कोसभर अंतरावरील गावातून पाव-दूध आणावयाचे, तर सारे घर आवरून पुन्हा रस्त्याला लावावे लागते. शिवाय जुन्या गावांतील अरुंद गल्ल्यांत व्हॅन शिरतही नाही. यावर कित्येकांनी काढलेला उपाय म्हणजे गाडीच्या पाठीमागे लोखंडी घोडी बसवून तीवर एखादी लहान मोटारसायकल उभी बांधणे. उपाय दिसावयास सोपा आहे. परंतु त्यात सर्व कुटुंबाच्या सुरक्षिततेचा प्रश्न गुंतलेला आहे.

आपल्याकडील बैलगाडीवाल्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. मागे माल अधिक झाला, की गाडी ‘उलाळ’ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसू लागतो. मोटारगाडीतही हेच घडते. फरक इतकाच, की ते डोळ्यांना सहसा दिसत नाही.

एक हिशेब करून पाहू. समजा, मोटारसायकल १२० किलोची व घोडी ३० किलोची, म्हणजे एकूण भार १५० किलो. हा भार मागील आसाच्या मागे दीड मीटरवर आहे आणि गाडीच्या दोन आसांमध्ये तीन मीटर अंतर आहे. तरफेच्या नियमाने पुढील चाकांवरील भार ७५ किलोंनी कमी होतो आणि मागील आसावर १५० नव्हे, तर २२५ किलो वाढतात. दोन आसांमधील अंतर केवळ २.४ मीटर असेल, तर हाच आकडा सुमारे २४४ वर जातो. म्हणून वजन किती, एवढेच विचारून भागत नाही. ते कोठे ठेवले आहे, हेही विचारावे लागते.

जुन्या फोक्सवॅगन गाडीत आसांमधील अंतर इतकेच आखूड होते आणि इंजिनही मागेच असे. त्यामुळे आधीच भारलेल्या मागील चाकांवर आणखी ओझे पडावयाचे. वाटेत इंजिन पाहावयाचे झाल्यास मोटारसायकल प्रथम खाली उतरविणे आलेच. १९९० साली आलेल्या पुढील पिढीत इंजिन पुढे गेले आणि ओढही पुढील चाकांकडे आली. आता मागील ओझ्याने पुढील चाके हलकी झाली, की ओल्या गवतावर ती जागीच फिरतात. भर पावसात वळणावर सुकाणू सैल वाटू लागते आणि ब्रेक लावताना पुढील चाकांची पकड उणी पडते. धोका येथे आहे.

यास्तव निघण्यापूर्वी काही गोष्टी तपासून घेणे अगत्याचे आहे. गाडीच्या कागदपत्रांत एकूण वजनाची मर्यादा असते, तशीच प्रत्येक आसाचीही असते. टायरवरही त्याची भारक्षमता नोंदलेली असते. माणसे, अंथरुणे, पाणी व शिधा भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि दोन्ही आसांचे वजन स्वतंत्रपणे करावे. एकूण वजन मर्यादेत असूनही मागील आस मर्यादेबाहेर गेल्याचे पुष्कळदा आढळते. जोडगाडी ओढण्यासाठी मागे जो लोखंडी गोळा असतो, त्याच्यावरील उभ्या भाराची मर्यादा वेगळी असते आणि मोटारसायकलच्या मानाने ती बहुधा अपुरी ठरते. घोडी गाडीच्या सांगाड्यालाच पक्की जखडावी, ती याकरिता.

बांधणीतही सावधगिरी हवी. चाके पन्हळीत बसवून चारही बाजूंनी पट्टे खाली ओढावेत आणि पुढील स्प्रिंग थोडी दबेल इतका ताण द्यावा. पहिल्या काही किलोमीटरांनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत, कारण हादऱ्यांनी ते सैल होतात. मागील दिवे व नंबरपाटी झाकली जात असल्यास ती बाहेरच्या बाजूस पुन्हा लावावी. इटली व स्पेन या देशांत मागे निघालेल्या भारावर तांबड्या-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांची पाटी लावण्याचा नियम आहे. वळताना गाडीचे शेपूट बाहेरच्या बाजूस झुकते, हेही चालकाने ध्यानात ठेवावे.

ओझेच कमी करणे हा याहून सुज्ञ मार्ग होय. होंडा कंपनीने १९८१ साली ‘मोटोकॉम्पो’ नावाची घडीची दुचाकी काढली. ती आपल्या ‘सिटी’ मोटारीच्या मागील कप्प्यात मावावी, अशी तिची रचना होती आणि तिचे वजन जेमतेम ४५ किलो होते. आज विजेवर चालणारी सायकल साधारण २५ किलोंत मिळते. अशी दुचाकी व्हॅनच्या आत, मागील आसाच्या पुढे ठेवली, तर पुढील चाके हलकी होण्याचे भयच उरत नाही.

वजनकाट्याने नकार दिला, तर मोटारसायकल घरी ठेवावी आणि सायकल बरोबर न्यावी. पाव आणावयास थोडा वेळ अधिक लागेल इतकेच. परंतु सुकाणू हाती असलेल्या माणसाच्या पाठीमागे मुलेबाळे निर्धास्त झोपू शकतील.