‘क्यूडॉस’ : शाबासकी की गौरव?

उत्तराखंडमधील सिल्क्यारा बोगद्यात १७ दिवस अडकलेल्या ४१ कामगारांची २८ नोव्हेंबर २०२३ रोजी सुखरूप सुटका झाली. अशा प्रसंगी बचाव पथकाला उद्देशून दिल्या जाणाऱ्या इंग्रजी संदेशांत ‘क्यूडॉस’ हा शब्द हमखास आढळतो. मराठी वृत्तात तो ‘पथकाचा गौरव करण्यात आला’ असा उतरला, तर वाचकाची दिशाभूल होते. बातमीत ‘गौरव’ म्हटले की समारंभ, शाल, श्रीफळ आणि मानपत्र डोळ्यांसमोर येते. मूळ संदेशात यापैकी काहीच नसते. असते ती केवळ तोंडभरून दिलेली शाबासकी.

हा शब्द मूळचा ग्रीक. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात तो वारंवार येतो. रणांगणात योद्ध्याला लाभणारे, बहुधा देवतांनी बहाल केलेले विजयाचे तेज, असा तेथे त्याचा आशय आहे. लोकांच्या कानी पडणाऱ्या, मृत्यूनंतरही उरणाऱ्या कीर्तीसाठी ग्रीकांकडे ‘क्लेओस’ हा निराळा शब्द होता. संस्कृतातील ‘श्रवस्’ हे त्याचेच भावंड.

इंग्रजीत ‘क्यूडॉस’ रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकात, ब्रिटिश विद्यापीठांतील बोलीतून. बोलीचा तो मोकळेपणा त्याला आजही चिकटलेला आहे. म्हणूनच औपचारिक मानपत्रात तो खटकतो.

शब्दाच्या अखेरचा ‘स’ अनेकवचनाचा नाही. तरीही तसा समज होऊन विसाव्या शतकात ‘कूडो’ असे एकवचन घडवले गेले. जाणकार त्यावर नाके मुरडतात. पण ‘पीज’ या जुन्या एकवचनी शब्दापासून ‘पी’, म्हणजे वाटाणा, असाच तयार झाला होता आणि त्याबद्दल आता कोणाचीच तक्रार नाही. अमेरिकेत ‘कूडोज’ असा उच्चार सर्रास ऐकू येतो.

मराठी करताना वाक्यरचना पाहावी. ‘क्यूडॉस टू’ असे असेल तर ‘शाबास’ किंवा ‘अभिनंदन’ पुरेसे आहे. ‘शाबास’ही आपल्याकडे फारसीतून आला, ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदी राहा’. कोणी ‘क्यूडॉस’ मिळवले असेल, तर ‘वाहवा झाली’ किंवा ‘नाव झाले’ असे लिहावे. मात्र ही वाहवा कोणी केली, ते वाक्यात यायलाच हवे. अन्यथा एका मंत्र्याची किंवा खेळाडूची प्रशंसा वृत्तसंस्थेचेच मत ठरते.