हळवं भात, गरवं भात आणि रिकामी परतलेली प्रार्थना

ऑक्टोबरातली सकाळ. तलासरीकडच्या एखाद्या पाड्यावर उतारावरचं हळवं भात पिवळं होऊन कापणीला आलंय आणि खालच्या खाचरात गरवं भात अजून दाणा भरतंय. वरच्याला आता थेंबही नको, खालच्याला एक शेवटची सर हवीच. शेत मात्र एकाच माणसाचं! त्यानं देवाकडे मागायचं तरी काय?

त्यात डहाणूच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेली मावशी कडकडीत ऊन मागतेय. आभाळ एक, मागण्या तीन आणि तिन्ही रास्त. देवानं काहीही केलं तरी कुणाची ना कुणाची प्रार्थना त्या दिवशी रिकामी परतणारच. आहे की नाही गंमत? देव निष्ठुर असायची गरजच नाही. दोन वाफे वेगवेगळ्या वेळी पिकतात, एवढंच पुरतं.

पण हे कोडं सुटलं म्हणून खूश होऊ नका. काही प्रार्थनांमध्ये कुणाचंच भात भिजणार नसतं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या आसपास, जमीन हादरू लागली. हजारो लहानमोठे धक्के! १ फेब्रुवारी २०१९ ला तर ४.१ तीव्रतेचा बसला आणि त्या दिवशी घाबरून पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. माणसं घरं सोडून तंबूत झोपली. हा मुलूख हिरवा-हिमाय या दैवतांना मानणाऱ्यांचा, महालक्ष्मीच्या जत्रेला जाणाऱ्यांचा, तसाच तलासरीच्या ज्ञानमाता सदनात आणि डहाणूच्या जुन्या ब्रदरन मिशनच्या परंपरेत वाढलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचाही. त्या रात्री मागणं सगळ्यांचं एकच असणार: थांबव. धक्के थांबले नाहीत. पावसाचं पाणी भेगांतून खोल झिरपतं आणि त्याचाही या धक्क्यांत हात असावा, असं काही भूशास्त्रज्ञ मांडतात. म्हणजे जूनमध्ये हात जोडून मागितलेला पाऊसच कदाचित!

मग ख्रिस्ती माणूस या गप्प राहिलेल्या देवाचं काय करतो? त्याचं बायबल उघडलंत तर थक्क व्हाल.

एखाद्या देवस्थानाचं माहितीपत्रक आठवा. पावलेले नवस त्यात ठळक छापलेले असतात. न पावलेल्यांची यादी कुणी छापलेली पाहिली आहे? बायबलनं छापली आहे. तीही कोपऱ्यात बारीक अक्षरात नाही, थेट मोठमोठ्या नावांसकट.

पहिला अर्जदार मोशे. चाळीस वर्षं लोकांना रानातून चालवत आणलं आणि शेवटी एवढंच मागितलं, की नदीपलीकडची ती भूमी मला पाहू दे, तिथं जाऊ दे. उत्तर काय मिळालं? पुरे, हा विषय पुन्हा काढू नकोस. डोंगरावर चढून लांबून बघण्याची मुभा तेवढी मिळाली आणि तिथंच तो गेला. पण शुभवर्तमानांत पुढे येशू एका उंच डोंगरावर तेजानं झळकतो, तेव्हा त्याच्याशी बोलत उभा कोण? मोशे! आणि तो डोंगर परंपरेनं मानतात ताबोर, म्हणजे त्याच भूमीच्या आत. अर्ज फेटाळला गेला आणि हजाराहून अधिक वर्षांनी मंजूर झाला म्हणायचा का? मला ही जुळणी फार आवडते, पण तिच्यावर फार भार टाकू नये. वाट पाहणाऱ्याला हजार वर्षं म्हणजे नकारच.

दुसरा अर्जदार पौल. त्याच्या शरीरात एक काटा होता. तो आजार होता की आणखी काही, हे दोन हजार वर्षं कुणालाही ठरवता आलेलं नाही. तो काढून टाक म्हणून त्यानं तीनदा विनवलं. काटा राहिला. माझी कृपा तुला पुरे, एवढंच कळलं.

आणि तिसरा? इथं श्वास रोखावा लागतो. तिसरा खुद्द येशू.

अटकेच्या रात्री तो गेथशेमाने बागेत गेला. या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. बरोबरच्या शिष्यांना जागं राहा म्हणाला, तर ते झोपले. मग जमिनीवर पालथा पडून त्यानं बापाला विनवलं, की जमलं तर हा प्याला माझ्यापासून टळू दे. त्यानंही तीनदाच मागितलं. प्याला टळला नाही. आपल्याकडे वनहक्काचा दावा अमान्य केला तर कारण लेखी कळवायचं, असा नियम आहे. त्या बागेत कारणही आलं नाही. दुसऱ्या दिवशी क्रूस आला.

केवढी गोष्ट आहे ही! ज्या धर्मात मुलगा बापाकडे मागतो तसं देवाकडे मागायला शिकवतात, त्यात खुद्द मुलाचीच मागणी नाकारली गेली आणि अनुयायांनी ती लपवली नाही. म्हणून आजाऱ्याच्या उशाशी बसून 'तुमचाच विश्वास कमी पडला' म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला या बागेची आठवण करून द्यावी. तिथं कुणाचा विश्वास कमी पडला होता?

बरं, नकार मिळाल्यावर बोलायचं काय, याचीही सोय आहे. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. किती दिवस, का, कुठे आहेस, अशा थेट देवालाच केलेल्या तक्रारी. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी विश्वासाकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. रात्रंदिवस हाक मारणाऱ्या माणसाचं ते स्तोत्र अंधारातच संपतं. त्याला गोड शेवट जोडायचा मोह पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक नकलकाराला आवरता आला, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

हे स्तोत्र मराठीत आणणाऱ्यांत एक नाव पंडिता रमाबाईंचं. नवस, तीर्थयात्रा, दानधर्म, सगळं करून थकलेलं त्यांचं घर. १८७० च्या दशकातल्या उपासमारीत वडील अनंतशास्त्री डोंगरे, मग आई, मग थोरली बहीण गेली. उत्तर न आलेल्या प्रार्थनांचा एवढा मोठा ढीग मागे ठेवून आलेली ही बाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाली, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि अख्खं बायबल साध्या मराठीत उतरवायला बसली. काम संपत आलं असताना, जुलै १९२१ मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. मुक्तीत दिवस उगवायचा तोच प्रार्थनेनं. तिच्यासाठी तिथं किती हात जोडले गेले असतील! रमाबाई पुन्हा मुद्रितं तपासायला बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. छापलेलं संपूर्ण बायबल त्यानंतर लोकांच्या हाती आलं.

घरी किंवा शेजारी मराठी बायबल असेल तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढा. अवघी अठरा वचनं आहेत. मोठ्यानं वाचा आणि शेवटच्या वचनानंतर पान उलटायची घाई करू नका.