*चुलीचं शेड बांधताय? आधी पाण्याची वाट ठरवा*



उन्हाळ्याची कामं उरकत आली की बरेच जण घरामागे चुलीसाठी पत्र्याचं शेड घालून घेतात. घरात धूर होत नाही, पाहुणेरावळे आले तर मोठा स्वयंपाक बाहेर करता येतो. चांगलंच आहे. पण पत्र्यावरचं पाणी कुठं जाणार, हे बहुतेकांना पहिल्या पावसातच कळतं.

आमच्या घरी हेच झालं. शेड मीच उभं करून घेतलं आणि पत्र्याचा उतार घराच्या भिंतीकडे ठेवला. मे अखेरीस वळवाचा पाऊस झाला, भिंत आतून ओली झाली. तिला लागूनच सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची थप्पी होती. खालच्या पोत्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहिले, ४१ उगवले. किमान ७० उगवायला हवेत. ऐन पेरणीच्या तोंडावर बियाणं विकत आणावं लागलं.

*हिशोब बघा*
१ चौरस मीटर पत्र्यावर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १० बाय १२ फुटांचं शेड साधारण ११ चौरस मीटर. ५० मिमी पाऊस झाला तर साडेपाचशे लिटर पाणी, म्हणजे २०० लिटरचे पावणेतीन ड्रम. उतार घराकडे असेल तर हे सगळं भिंतीच्या पायाशी पडतं. काळ्या जमिनीत तर जास्त धोका. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि भिंतीला तडे जातात.

*काय करायचं?*

१) *पत्र्याचा उतार घरापासून बाहेर.* १० फुटाला किमान १ फूट.

२) *भिंत आणि पत्रा यांचा सांधा बंद करा.* घराला पत्रा असेल तर शेडचा पत्रा त्याच्या वळचणीखाली सरकवा. स्लॅब असेल तर भिंतीत खाच मारून पत्र्याची वाकवलेली पट्टी सिमेंटमध्ये बसवा. नुसतं डांबर फासून भागत नाही, उन्हाने ते तडकतं.

३) *पन्हळ लावा.* १० फुटाला अर्धा इंच उतार द्या आणि शेवटी ४ इंची पाईप. घराच्या छपराचं पाणीही शेडवर पडत असेल तर पन्हळ दोन्हींच्या हिशोबाने मोठी घ्या.

४) *जमीन.* शेडची फरशी घराच्या जोत्यापेक्षा ६ इंच खाली आणि अंगणापेक्षा ६ इंच वर ठेवा. भरावाला काळी माती नको, मुरूम टाकून चांगला धुमसून घ्या. फरशीला बाहेरच्या बाजूला १० फुटाला २ इंच उतार. गवंड्याला नळीने लेव्हल बघायला सांगा, डोळ्याच्या अंदाजावर सोडू नका.

५) *पाणी लांब सोडा.* पाईपचं तोंड पायापासून किमान १५ फूट पुढे, केळी किंवा आळूकडे न्या. काळ्या जमिनीत घराजवळ शोषखड्डा नको, पाणी मुरत नाही, साचून राहतं. उकिरड्यावरून वाहत विहिरीकडे जाईल असंही सोडू नका. आणि शेजाऱ्याच्या भिंतीकडे तर नकोच, वाद तिथूनच सुरू होतात.

*शेड आधीच झालंय?*
उतार घराकडे असेल तर निदान भिंतीच्या बाजूला पन्हळ लावून पाणी बाहेर काढा. मग पत्र्यावर दोन-चार घागरी पाणी ओतून बघा. भिंतीकडे थेंब जरी आला तरी आत्ताच दुरुस्त करा, पावसात पत्र्यावर चढता येत नाही.

बियाण्याची पोती आजच भिंतीपासून १ फूट लांब, लाकडी फळ्यांवर घ्या आणि पेरणीआधी उगवण तपासा. ७० पेक्षा कमी आली तर ते बियाणं पेरण्याआधी मला फोन करा.

आपला,
कृषी सल्लागार