नळ गेल्यावर पाइपात काय शिरतं?

राजवाड्याच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या वाड्यात एक दिवसाआड सकाळी जिन्यातून हाक येते, "नळ आलेऽऽ!" पुण्याच्या पाहुण्यांना याचं हसू येतं. पण इंदूरच्या मराठीत पाणी येत नाही, नळच येतात आणि नळच जातात. हाक आली की दोन मिनिटांत सगळ्या घरांच्या टुल्लू मोटरी घूं घूं करायला लागतात. लहानपणी तो आवाज म्हणजे माझ्यासाठी सकाळ होती. आता तो ऐकला की मी पाइपाचा विचार करते.

आपल्याकडे येणारं पाणी खूप लांबून येतं. नर्मदेचं पाणी शहरात आणा म्हणून १९७० मध्ये इंदूरकरांनी आंदोलन केलं आणि १९७८ मध्ये ते आलं. जलूदला ते उपसतात, शुद्ध करतात आणि सुमारे ७० किलोमीटर वाहून, घाट चढवून इथे पोचवतात. एवढा प्रवास ते नीट करतं. बिघडतं ते बहुतेक वेळा शेवटी, म्हणजे गल्लीतल्या लाइनीत किंवा लाइनीपासून आपल्या हौदापर्यंतच्या वीस-तीस फुटांत. हा शेवटचा तुकडा घरमालकाचा असतो. तो टाकला कधी, गेलाय कुठून, हे घरात कुणालाच माहीत नसतं.

एक प्रयोग करून बघा. नारळपाण्याच्या स्ट्रॉला मध्ये टाचणीने भोक पाडा आणि ते भोक पाण्यात बुडवा. फुंकलंत तर भोकातून बुडबुडे बाहेर येतील. ओढलंत तर त्याच भोकातून पाणी आत येईल. गळका पाइप अगदी असाच वागतो. पाणी जोरात असतं तोवर गळती बाहेरच्या दिशेने होते. पाणी वाया जातं, पण आतलं पाणी खराब होत नाही. नळ गेले की पाइप रिकामा होतो, आतला दाब उतरतो आणि बाहेरची ओल आत शिरायला मोकळी होते. त्या भोकाशेजारी ड्रेनेजचं चेंबर झिरपत असेल तर आत काय शिरेल ते सांगायला नको. पुन्हा नळ आले की पहिल्या लोंढ्याबरोबर ते सगळं कुणाच्या तरी हंड्यात जातं.

त्यात आपली मोटर. थेट लाइनीवर बसवलेली मोटर म्हणजे स्ट्रॉ ओढणारं तोंड. नळ चालू असतानाही ती लाइनीतला दाब खाली आणते, म्हणजे जी भोकं फक्त नळ गेल्यावर धोक्याची होती ती आता नळ असतानाही धोक्याची होतात. शेजाऱ्याला पाणी कमी येतं, मग शेजारीही मोटर घेतो. बहुतेक शहरांत लाइनीवर मोटर लावायला मनाई आहे. आपल्या गल्लीत ती कुणाकडे नाही, ते मोजायला एक हात पुरेल.

डिसेंबर २०२५ च्या शेवटी भागीरथपुऱ्यात जे झालं ते तुम्हाला आठवत असेल. पाण्याला वास येतोय, चव कडू लागतेय, अशी तक्रार तिथले लोक आधीपासून करत होते. मग उलट्या-जुलाबांची साथ आली. शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले आणि कित्येक जीव गेले. त्यांत काही महिन्यांचं एक बाळही होतं. पिण्याच्या पाण्याच्या मुख्य लाइनीत गळती सापडली, आणि तिच्या वर पोलिस चौकीचं शौचालय बांधलेलं होतं. इथे चूक घरमालकाची नव्हती, यंत्रणेची होती, आणि ती सौम्य शब्दांत सांगायची मला इच्छा नाही. वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या शहरात हे झालं. झाडलेला रस्ता फोटोत दिसतो, रस्त्याखाली काय आहे ते दिसत नाही.

याच शहरात पॅट्रिक गेडेस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार आला होता. शहर प्लेगने गांजलेलं होतं. १९१७ च्या दिवाळीत त्याने मिरवणूक काढली आणि आधीच जाहीर केलं, की ज्या रस्त्यावरची जास्तीत जास्त घरं साफ असतील त्या रस्त्याने ती जाईल. घरोघरी साफसफाई झाली. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता, पांढऱ्या कपड्यांतले सफाई कामगार मानाने चालत होते, आणि शेवटी त्या उंदराला जाळलं. गोष्ट मला फार आवडते. फक्त आपल्या आजच्या शत्रूचा पुतळा करणं कठीण आहे, कारण तो गल्लीखाली दोन फुटांवर आहे.

आणि तो उशिरा कळतो. कॉलरा काही तासांत ते पाचेक दिवसांत दिसतो, म्हणून निदान पाण्याचा संशय येतो. टायफॉइडला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. काविळीला महिनाभर, कधी त्याहून जास्त. महिन्यापूर्वी नळाला वास होता हे कुणाला आठवतं? दिल्लीत १९५५-५६ मध्ये काविळीची प्रचंड साथ आली, कारण सांडपाणी यमुनेच्या पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत पोचलं होतं. तिचे जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर तपासले, तेव्हा कळलं की ही नेहमीची 'ए' कावीळ नव्हतीच. आज आपण तिला हिपॅटायटिस ई म्हणतो. गरोदर बायकांना, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, ती जिवावर बेतू शकते.

आमच्या वाड्यात तीन वर्षांपूर्वी खालच्या काकूंच्या मुलाला कावीळ झाली. सगळ्यांनी बाहेरच्या पाणीपुरीला शिव्या घातल्या. मीही घातल्या. नंतर पाणी कमी येतं म्हणून प्लंबर बोलावला, तेव्हा त्याने दाखवलं: आमचा जुना जीआय पाइप उघड्या नालीतून गेलेला, गंजून चाळणी झालेला. त्याच जोडावरून काकूंचा नळ निघालेला आणि त्याच्यापुढे आमची मोटर. मुलाला त्यामुळेच कावीळ झाली असं मी सिद्ध करू शकत नाही. पण त्या दिवसानंतर पाणीपुरीला कुणी काही बोललं नाही.

घरातलं पाणी बाहेर नेणारे पाइपही आजार आणू शकतात. बाथरूमच्या जाळीखाली जो वाकडा तुकडा असतो, त्यात थोडं पाणी साचून राहतं आणि ड्रेनेजची हवा घरात येऊ देत नाही. प्लंबर त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या आजीच्या न्हाणीघरातला शब्द भारतभरच्या हार्डवेअरच्या दुकानात पोचलाय, मराठी मंडळाने त्याची नोंद घ्यायला हरकत नाही. हे पाणी वाळलं की दार उघडं. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या इमारतींत सार्सची लागण तीनशेहून जास्त रहिवाशांना झाली. तपासात वाळलेल्या ट्रॅपमधून आणि बाथरूमच्या एग्झॉस्ट फॅनमुळे विषाणू घराघरांत ओढला गेल्याचं दिसलं. सुट्टीत घर बंद ठेवून आलात की जाळीत तांब्याभर पाणी ओता, एवढंच.

पिण्याच्या पाण्याचं बघायचं तर आधी पाइप बघा. तो नालीतून जात असेल तर वरून फिरवून घ्या. लाइनीचं पाणी आपल्या जोराने हौदात पडू द्या आणि मोटर हौदावर लावा. हौद शौचालयाच्या टाकीजवळ नको, झाकण घट्ट हवं. नळ आल्यावर पहिली काही मिनिटं पाणी पिण्यासाठी भरू नका. ऑर्थोटोलिडिनचे थेंब औषधाच्या दुकानात विचारून पाहा. क्लोरीन असेल तर पाणी पिवळसर होतं, अजिबात नसेल तर ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. आरओ बसवून प्रश्न संपतो असं मला वाटत नाही. खालच्या काकूंकडे आरओ नाही. त्या भाड्याने राहतात, पाइप बदलायचा तर त्यांना मालकाला विचारावं लागतं.

आमची मोटर आता हौदावर आहे. हौद भरायला अर्धा तास जास्त लागतो आणि बाबा अजून कुरकुरतात. समोरच्या वाड्यातली मोटर लाइनीवरच आहे. रविवारी आई आणि मी त्यांच्याकडे बोलायला जाणार आहोत.