पुस्तकात आपला चेहरा

वाचनालयात मुलांचा वेगळा कोपरा असला तर आज कोणाला नवल वाटत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेसारख्या देशातही बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत मुलांना मज्जावच होता. पोरांचे हात मळके, ती गोंगाट करणार, पाने फाडणार, अशी थोरांची पक्की समजूत!

पॉटकेट हे ऱ्होड आयलंड राज्यातले सूतगिरण्यांचे गाव. तेथील ग्रंथपाल मिनर्व्हा सँडर्स या बाईंनी १८७७ साली मुलांना आत घेतले आणि त्यांच्या उंचीची टेबले-खुर्च्या मांडल्या. १८९६ मध्ये ब्रुकलिन शहरातल्या प्रॅट इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात खास मुलांसाठी आखलेली खोली उघडली. ती सांभाळणाऱ्या अ‍ॅन कॅरोल मूर यांच्याकडे १९०६ साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाचा बालविभाग आला. ज्याला स्वतःचे नाव लिहिता येईल, त्याने वहीत सही करून पुस्तके नीट वापरण्याचे वचन द्यावे आणि पुस्तक घरी न्यावे, अशी त्यांची पद्धत. मुलावर विश्वास टाकण्याची ही रीत आम्हांला फार मोलाची वाटते.

पण हे दार सर्वांना सारखे उघडले नाही. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या लोकांना गोऱ्यांच्या ग्रंथालयात प्रवेश नसे. लुइव्हिल शहरात १९०५ साली त्यांच्यासाठी निराळी शाखा काढावी लागली. न्यूयॉर्कमध्ये प्रवेश होता, मात्र तेथे दुखणे वेगळेच होते.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या शेजारीच हार्लेम. पुढे ही काळ्या लोकांची मोठी वस्ती झाली. तेथील १३५व्या रस्त्यावरील शाखेत १९३७ साली ऑगस्टा बेकर ही काळी तरुणी मुलांच्या विभागात कामाला लागली. मुले पुस्तके आवडीने नेत होती. पण त्या पुस्तकांत काळा माणूस दिसलाच तर तो नोकर, नाहीतर अडाणी, वेडेवाकडे बोलून हसे करून घेणारा! आपल्याच लोकांची टिंगल वाचून पोराच्या मनावर काय ओरखडे उठत असतील, हे आमच्या माता-भगिनींना वेगळे सांगायला नको.

बेकरबाई नुसत्या हळहळत बसल्या नाहीत. काळ्यांचे जीवन मानाने रंगवणारी पुस्तके त्यांनी एकेक करून निवडली आणि १९३९ पासून त्यांचा स्वतंत्र संग्रह उभा केला. अशी पुस्तके काढा म्हणून प्रकाशकांच्या मागे लागल्या. १९४६ मध्ये निवडक पुस्तकांची यादी छापली. १९६१ साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या साऱ्या शाखांमधील मुलांचे काम त्यांच्याच हाती आले.