सेंड-ऑफचा खर्च आणि मजुराची पाच दिवसांची मजुरी

जानेवारी संपत आला की यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांत निरोप समारंभाची तयारी सुरू होते. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, त्यापाठोपाठ दहावीची. पूर्वी निरोप समारंभ म्हणजे दोन-चार भाषणे, चहा-पोहे आणि वर्गाचा एक फोटो. आता त्याला सेंड-ऑफ म्हणतात. मुलींना साडी आणि मेकअप, मुलांना ब्लेझर, शिवाय डीजे, केक आणि रीलसाठी फोटोग्राफर. शहरातला थाट मोबाइलवरून खेड्यात पोहोचतो आणि मग तोच नियम होऊन बसतो.

एक साधा हिशेब मांडू. समजा वर्गणी ३०० रुपये, साडी किंवा ब्लेझर भाड्याने ५००, मेकअप किंवा नवे बूट ५०० आणि फोटोचे २००. झाले १,५०० रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे एका संध्याकाळसाठी आई किंवा वडिलांची जवळजवळ पाच दिवसांची मजुरी. घरात एक दहावीला आणि एक बारावीला असेल, तर दहा दिवसांची.

हा खर्च येतो तेव्हा कापसाची वेचणी संपत आलेली असते आणि शेतातले काम कमी झालेले असते. निकालानंतर प्रवेश, पुस्तके, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, त्यासाठी तहसीलच्या चकरा. शिष्यवृत्तीचे पैसे नंतर येतात, खर्च आधी करावा लागतो. बचत गटातून उचललेले पैसे साडीवर गेले, तर जूनमध्ये हात रिकामा राहतो.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत शाळेच्या शेवटी ‘प्रॉम’ नावाचा नाचाचा समारंभ असतो. ‘व्हिसा’ कंपनीच्या २०१५ च्या सर्वेक्षणात त्यावरचा सरासरी खर्च ९१९ डॉलर निघाला. पण वर्षाला २५ हजार डॉलरपेक्षा कमी कमावणारी कुटुंबे १,३९३ डॉलर खर्च करणार होती, तर ५० हजारांपेक्षा जास्त कमावणारी ७९९. गरीब घरच जास्त खर्च करते!

असे का होते? ज्याला रोज कमी लेखले जाते, त्याला एक दिवस तरी सगळ्यांच्या बरोबरीने उभे राहायचे असते. ही भूक खोटी नाही. म्हणून मुलांना ‘उधळे’ म्हणून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना साडी इतर स्त्रियांसारखी नेसायला सांगितले, अस्पृश्यतेची खूण ठरणारे दागिने टाकायला सांगितले. पोशाखाचा संबंध स्वाभिमानाशी आहे, हे त्यांनी ओळखले होते. पण त्याच वेळी, कापडाला ठिगळे असली तरी चालतील, ते स्वच्छ असावे, असेही त्यांनी बजावले. स्वाभिमानाला महाग कापड लागत नाही.

एकट्या मुलीने ‘मी साडी घेणार नाही’ म्हणणे अवघड असते. मग ती पोट दुखते म्हणून त्या दिवशी घरीच राहते. निर्णय वर्गाने मिळून घेतला, तर कुणालाच लाजावे लागत नाही. म्हणून युवक मंडळांनी डिसेंबरमध्येच मुख्याध्यापक आणि पालकांना भेटावे. वर्गणीची कमाल रक्कम ठरवावी, ती ऐच्छिक ठेवावी आणि देणाऱ्यांची यादी वर्गात वाचू नये. गणवेशातच कार्यक्रम घ्यावा, किंवा विहारात वस्तीतल्या साड्या आणि ब्लेझर जमा करून ज्याला हवे त्याला वापरायला द्यावेत. नाच-गाणे जरूर व्हावे. त्यासाठी एक स्पीकर पुरतो.

बाबासाहेब शाळेत असताना परीक्षा पास झाले, तेव्हा समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळी केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या समारंभात कुणी काय घातले होते हे आज कुणाला ठाऊक नाही, पुस्तक मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. येत्या सेंड-ऑफला आपल्या वस्तीतल्या प्रत्येक मुला-मुलीच्या हाती एक पुस्तक आणि पुढच्या प्रवेशाच्या कागदपत्रांची यादी पडेल, एवढे तरी आपण नक्की करू शकतो.