दिव्याखालचा भेक: ओढ उजेडाची की भुकेची?

दिग्रसला पहिला दमदार पाऊस झाला, की रस्त्यावरच्या दिव्यांभोवती पंख फुटलेल्या वाळवीचे थवे घोंगावू लागतात. पाठोपाठ खांबाच्या बुंध्याशी दोन-चार भेक येऊन बसतात. (खडबडीत कातडीच्या या प्राण्याला आपण सरसकट बेडूकच म्हणतो.) ते तिथे का येतात? ‘उजेडाकडे आकर्षित होतात’ हे विद्यार्थ्यांचे उत्तर आपण बरोबर धरतो. पण ते पुरते बरोबर आहे काय?

उजेडाची ओढ असते खरी. जेगर व हेलमन यांनी 1973 साली शंभराहून अधिक जातींच्या बेडूक-भेकांवरील प्रयोग प्रसिद्ध केले; त्यांत बहुतेक जाती उजेडाकडे गेल्या. मात्र हाच भेक दिवसा ओलसर सांदीत दडून राहतो. शिवाय माणसाला काही दिसेनासे होते इतक्या अंधारातही त्याला शिकार दिसते. म्हणजे दिसावे म्हणून त्याला दिवा नको असतो.

भक्ष्य तो ओळखतो ते हालचालीवरून. जर्मनीतील एवर्ट यांनी युरोपीय भेकासमोर पुठ्ठ्याच्या पट्ट्या सरकवून पाहिल्या. लांबीच्या दिशेने सरकणारी पट्टी भेकाला अळी वाटते, तो तिच्याकडे वळतो; तीच पट्टी उभी धरून सरकवली, तर सहसा ढुंकूनही पाहत नाही. पण ‘अळी’ दिसली तरी झडप घालणे पोटावर अवलंबून! उपाशी भेक पुन्हा पुन्हा वळतो, पोट भरलेला स्वस्थ बसतो. डोळ्यावरचे चित्र तेच असते. त्याचे काय करायचे, हा मेंदूतला निर्णय भुकेने बदलतो.

दिव्याखाली जमलेले भेक रात्री वाहनांखाली चिरडले जातात, म्हणून हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. ओढ मुख्यतः किड्यांची असेल, तर दिवा न विझवता त्याचा रंग बदलूनही भेक वाचतील; पिवळसर दिव्यावर किडे सहसा कमी येतात.

हे पडताळणे आपल्या हातात आहे. नालीपासून सारख्या अंतरावरचे दोन खांब निवडावेत, एक पांढऱ्या दिव्याचा, एक पिवळसर. दर अर्ध्या तासाला किडे व भेक मोजावेत. भेकांना हात लावू नये. किडे संपल्यावर दिवा चालू असतानाही भेक निघून गेले, तर नुसता उजेड त्यांना धरून ठेवत नाही एवढे कळेल. पण ते किडे संपले म्हणून गेले की पोट भरले म्हणून? त्यासाठी किडे भरपूर असतानाच कोण उठून जातो, तिकडे लक्ष ठेवावे लागेल.